ओळखपत्र आणि ओळख

मराठीत 'ओळख' हा शब्द दोन जागी येतो. कार्डावर फोटोखाली छापलेली असते ती एक ओळख. आणि 'ते आमच्या ओळखीचे आहेत हो, बसू द्या त्यांना' असे म्हणताना असते ती दुसरी. कर्नाटकातल्या हावेरीहून, झारखंडातल्या गुमल्याहून किंवा ओडिशातल्या गंजामहून गोव्याला निघालेल्या माणसापाशी पहिली बहुतेक वेळा असते. आधार, रेशन कार्ड, पोराचा जन्मदाखला असे सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलेले असते. दुसरी ओळख मात्र गावातच राहते. ती पेटीत घालून आणता येत नाही.

फोंडा तालुक्यात आम्ही नऊ-दहा जण रविवारी सकाळी जे काम करतो ते एवढेच आहे, की आपली ओळख त्यांना काही दिवस उसनी द्यायची. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमच्यात बँकेत नोकरी केलेल्या एक ताई आहेत, गोव्याच्या सरकारी कदंब बसचे एक निवृत्त कंडक्टर आहेत, एक परिचारिका आहे, कॉलेजातली तीन मुले आहेत. आमची संस्था नाही, पावतीपुस्तकही नाही. लोक विचारतात, 'म्हणजे तुम्ही नेमके करता काय? कपडे वाटता?' त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे म्हणून हे लिहिते आहे. कायद्याच्या आणि योजनांच्या गोष्टी यात येतील. त्या जमतील तितक्या सोप्या करून सांगते, कारण गुंता सगळा तिथेच आहे.

आलेला माणूस कोण?

जगात स्वयंसेवकांच्या अशा कामाबद्दल बोलताना कॅनडाचे उदाहरण हमखास निघते. १९७९-८० च्या सुमारास व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस या देशांतून ६०,००० हून अधिक निर्वासितांना कॅनडाने घेतले. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांची जबाबदारी सरकारने नव्हे, तर साध्या नागरिकांच्या गटांनी आणि चर्चच्या मंडळांनी उचलली. खोली शोधायची, मुलांना शाळेत घालायचे, बस कुठे थांबते ते दाखवायचे, पहिल्या वर्षाचा खर्च बघायचा. १९८६ साली निर्वासितांसाठीचे नानसेन पदक कॅनडाच्या जनतेला मिळाले, एका व्यक्तीला नव्हे.

भारतात चित्र वेगळे आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तरी माणसे आली आणि राहिली. गोव्याहून घाट चढून गेले की उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोड लागते. १९६० च्या दशकापासून तिथे तिबेटी लोकांची मोठी वसाहत आहे. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर मण्यांच्या माळा आणि चांदीचे दागिने मांडून बसणारे तिबेटी दुकानदार आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. त्यांच्याकडे परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र असते आणि ते वेळोवेळी नवे करून घ्यावे लागते. परदेशी माणसाचा व्हिसा, नोंदणी, मुक्काम यांत आम्ही हात घालत नाही. सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा लागू झाला आहे आणि त्यात चूक झाली तर भोगावे त्या माणसालाच लागते. अशांना आम्ही थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नेतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो.

आमच्याकडे येतात ती बहुतेक कुटुंबे भारताच्याच दुसऱ्या राज्यांतली. कुणी हुबळी-लोंढ्यावरून रेल्वेने घाट उतरून येतो, कुणी जसिडीहच्या गाडीने झारखंडहून, कुणी अमरावती एक्सप्रेसने ओडिशाहून. (ही अमरावती आंध्रातली, विदर्भातली नव्हे.) राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने त्यांना देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क दिला आहे. आपल्या पोराला पुण्यात नोकरी लागते तेव्हा आपण त्याला कुणाचा आश्रित समजत नाही. तोच हक्क कुंडईच्या कारखान्यात पत्रे वाकवणाऱ्या माणसाचा आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या बोलण्यात 'भायले' (म्हणजे बाहेरचे) आणि 'घाटी' हे शब्द फार सहज येतात. 'घाटी' म्हणजे मूळ अर्थाने घाटावरचा, त्यात वाईट काही नाही. पण माझ्या वर्गातल्या मुली तो शब्द ऐकून खाली मान घालायच्या. शब्दाचा अर्थ शब्दकोशात काय आहे यापेक्षा तो ऐकणाऱ्याला कसा लागतो, हे मला त्या खाली गेलेल्या मानांनी शिकवले.

आपण गोंयकार तरी कोण?

मी प्रियोळ गावाजवळ वाढले. मंगेशीला वर्षातून दहादा जाणे व्हायचे. श्रीमंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. १५६० साली पोर्तुगीज राजवटीच्या भयाने भक्तांनी देव उचलून नदीपलीकडे, तेव्हा त्यांच्या ताब्याबाहेर असलेल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या मुलखात आणला. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. ज्या अंत्रुजाला आपण देवांचा प्रांत म्हणतो, तो देवांनी आसरा घेतलेला प्रांत आहे. या तीन देवळांच्या वाटेवर राहणाऱ्या कुणालाही बाहेरून आलेल्याबद्दल परकेपणा वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

पुढे गोंयकार मुंबईला गेले, तेव्हाची गोष्ट तर आजच्या विषयाच्या अगदी जवळची आहे. धोबीतलाव भागात गोव्याच्या ख्रिस्ती गावांचे 'कूड' होते, काही अजून आहेत. कूड म्हणजे खोली. एका गावाच्या लोकांनी मिळून घेतलेली जागा. बोटीवर नोकरी लागेपर्यंत तारवटी, म्हणजे खलाशी, तिथे आपली पेटी ठेवायचा, अत्यल्प भाड्यात राहायचा. कुठल्या कंपनीच्या दारात उभे राहायचे, कोण फसवतो, कुणाकडे जेवण बरे मिळते, हे सगळे जुने लोक नव्याला सांगायचे. संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना करायचे. हिंदू गोमंतकीयांनी १९१९ साली मुंबईत गोवा हिंदु असोसिएशन काढले. त्याचे नाव पुढे मराठी नाटकांमुळे झाले, पण मुळात परक्या शहरातल्या गोमंतकीयांना एकमेकांचा आधार असावा म्हणूनच ते निघाले.

कुडीत राहायला मिळण्यासाठी एवढेच लागायचे, की अमक्या गावचा आहे असे सांगणारा कुणी तरी तिथे हवा. आम्ही रविवारी जे करतो ते त्याचेच रूप आहे. फरक इतकाच की आम्ही त्यांच्या गावचे नाही.

खोली

पहिली अडचण छपराची. गोव्यात घरमालक खोली देतो, पण कागद देत नाही. त्यामागे जुनी भीती आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्याला संरक्षण दिले. तो कायदा न्याय्य होता. पण कागदावर सही केली की घर गेले, ही धास्ती काही घरमालकांच्या मनात तेव्हापासून बसली ती बसलीच. ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार ही अगदी वेगळी गोष्ट आहे, हे समजावायला कुणी तरी गावातले लागते. आमचे कंडक्टरभाऊ हे काम करतात. ते घरमालकाच्या सोप्यावर बसतात, चहा घेतात, त्याच्या काजूच्या पिकाबद्दल अर्धा तास बोलतात आणि मग करारावर येतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा अर्जही तिथेच भरून होतो. हा अर्ज भाडेकरूला त्रास देण्यासाठी नाही. उद्या कुणी 'तू इथे कोण?' विचारले तर तोच त्याच्या बाजूने उभा राहणारा कागद असतो.

धान्य

पुष्कळांना वाटते की गोव्यात धान्य घ्यायचे तर गोव्याचे रेशन कार्ड हवे आणि त्यासाठी गावचे कार्ड रद्द करायला हवे. तसे नाही. 'एक देश, एक रेशन कार्ड' ही सोय १ जानेवारी २०२० पासून ज्या पहिल्या १२ राज्यांत जोडली गेली त्यांत गोवा होता, महाराष्ट्र, कर्नाटक आणि झारखंडही होते. पुढे जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर ती उरलेल्या राज्यांनाही लागू करावी लागली.

ती चालते कशी, ते सांगते. कार्ड राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालचे हवे आणि कार्डावरच्या माणसाचा आधार त्याला जोडलेला हवा. दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र कार्ड शोधते आणि या महिन्याचे किती धान्य शिल्लक आहे ते दाखवते. प्राधान्य गटातल्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. यातला सगळ्यात उपयोगाचा भाग असा, की कार्ड तोडावे लागत नाही. नवरा-बायको इथे आपला वाटा उचलतात, गावी राहिलेली म्हातारी उरलेला तिथे उचलते.

कागदावर हे इतके सोपे आहे. प्रत्यक्षात सिमेंटचे काम करणाऱ्याच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. दुकानदाराच्या मागे रांग असते, तो म्हणतो, 'तुमचे कार्ड इथे चालत नाही.' माणूस मान खाली घालून परत येतो आणि पुन्हा कधी जात नाही. अशा वेळी आमच्यातले कुणी सोबत असले तर एवढेच म्हणते, 'दुसरे बोट लावून बघूया का?' किंवा बायकोचा अंगठा लावूया. बहुतेकदा काम होते. दुकानदारही वाईट नसतो. त्यालाही घाई असते आणि समोरच्याची भाषा त्याला येत नसते.

शाळा

या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझे आयुष्य त्यात गेले.

एका नोव्हेंबरात एक आई मुलीला घेऊन शाळेच्या दाराशी उभी होती. मुलगी नऊ वर्षांची, गावी कन्नड शाळेत पहिलीत काही महिने गेलेली, मग आईबापांबरोबर तीन ठिकाणी फिरलेली. आधी ज्या शाळेत त्या गेल्या तिथे त्यांना सांगितले होते की दाखला आणा, जन्माचा पुरावा आणा आणि जूनमध्ये या. तिन्ही गोष्टी कायद्याला धरून नव्हत्या.

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही थांबवता येत नाही. वर्ष सुरू होऊन महिने गेले तरी प्रवेश द्यायचा. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीला चौथीत, आणि जे राहून गेले त्यासाठी वेगळे शिकवायचे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्याच कायद्याने स्थानिक प्रशासनावर टाकली आहे.

चौथीत बसवायचे म्हटले की शिक्षकही घाबरतात आणि पालकही. ज्या मुलीला मराठी अक्षर येत नाही ती चौथीत काय करणार? पण तिला पहिलीत सहा वर्षांच्या पोरांत बसवले तर ती आठवडाभरात शाळा सोडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तिला आपल्या उंचीच्या मुली हव्या असतात. त्या मुलीला मी चौथीत बसवले आणि रोज दुपारी एक तास वेगळी घेतली. पहिले पंधरा दिवस ती एक शब्द बोलली नाही. सोळाव्या दिवशी तिने मला फळ्यावरचा 'क' दाखवला आणि कन्नड 'क' वहीत काढून शेजारी ठेवला. मग तिने मला कन्नड शिकवायचे आणि मी तिला मराठी, असा आमचा करार झाला. मला आज जे मोडके कन्नड येते ते तिच्याकडून आले. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात 'रोशनी' नावाचा उपक्रम २०१७ पासून हेच काम नीट बांधून करतो. मुलांची मातृभाषा जाणणारे स्वयंसेवक शाळेत येतात आणि त्या भाषेच्या पायरीवरून मुलांना मल्याळमकडे नेतात. गोव्यातही हे होण्यासारखे आहे. कन्नड जाणणाऱ्या, बारावी झालेल्या मुली आपल्या वाड्यावाड्यांत आहेत.

आणखी एक गोष्ट मला मराठी वाचकांना सांगायची आहे. गोव्यातल्या मराठी माध्यमाच्या अनेक सरकारी प्राथमिक शाळांचा पट आज या मुलांमुळे टिकून आहे. गावातली मुले इंग्रजी शाळांच्या बसमधून जातात. आमच्या शाळेत १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनी भाषण करणारी मुलगी घरी लमाणी बोलायची. स्नेहसंमेलनात अभंग म्हणणारा मुलगा ओडिया घरातला होता. मराठीचे काय होणार याची चिंता करणाऱ्या सभा मी फोंड्यात पुष्कळ ऐकल्या, आणि दर वेळी मला त्या मुलांची आठवण झाली. ही भाषा त्यांनी आपल्याकडून मागून घेतली आहे.

दवाखाना

लसीकरण, गरोदर बाईची तपासणी आणि अंगणवाडीतला आहार यांसाठी गोव्याचा रहिवासी असावे लागत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड गावी काढलेले असेल तर तेच इथे पुढे चालते. फक्त ते कार्ड सोबत आणायला हवे, म्हणून आम्ही प्रत्येक आईला पहिल्याच भेटीत ते विचारतो.

मोठ्या आजाराला मात्र रहिवासाचा प्रश्न येतो. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना पाच वर्षे इथे राहिलेल्यांसाठी आहे. गृहिणींसाठीच्या गृहआधार किंवा वृद्ध-निराधारांसाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला १५ वर्षे लागतात. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात झाली. तेव्हा सिंधुदुर्गात किती खळबळ माजली ते सावंतवाडी-दोडामार्गच्या वाचकांना आठवत असेल. त्यांच्यासाठी बांबोळी हेच जवळचे मोठे इस्पितळ. बाहेरगावच्या कुटुंबाने अशा वेळी विसरू नये असे एक कार्ड आहे: आयुष्मान भारत. ते गावच्या पत्त्यावर काढलेले असले तरी देशभरातल्या योजनेतल्या इस्पितळांत चालते, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पुष्कळांकडे ते असते आणि काय आहे ते ठाऊक नसते. एका बाईने ते कार्ड लहान मुलाला खेळायला दिले होते.

क्षयरोगाबद्दल दोन शब्द. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत बरे वाटते, काम बदलते, माणूस गाव बदलतो आणि गोळ्या सुटतात. सरकारी नोंदणीत रुग्णाला 'निक्षय' क्रमांक मिळतो, त्या क्रमांकावर उपचार दुसऱ्या राज्यातही पुढे चालू ठेवता येतो आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. आमच्या परिचारिकेचा नियम आहे, की तो क्रमांक फोनच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवायचा. कागद हरवतो, फोन सहसा हरवत नाही.

काम

इथे आम्हाला सगळ्यात कमी यश येते, ते खरे सांगायला हवे.

मजूर ठेकेदारामार्फत येतो. हजेरीची वही ठेकेदाराकडे, उचल ठेकेदाराकडून, खोलीही बहुतेकदा त्याचीच. अशा माणसाला कायदा सांगणे सोपे नाही. तरी काही गोष्टी त्याला ठाऊक असाव्यात. ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, फुकट असते, तिला १२ आकडी क्रमांक मिळतो. बांधकामावर मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. त्या मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावर घेतलेल्या उपकरातून येतो. म्हणजे तो ज्या इमारतीची वीट रचतो तिच्याच खर्चातून त्याच्यासाठी पैसे बाजूला काढलेले असतात. आंतरराज्य कामगारांचा जुना १९७९ चा कायदा फक्त ठेकेदाराने आणलेल्यांना मोजायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत ठराविक वेतनमर्यादेत स्वतःहून आलेला कामगारही मोजला जातो आणि अटी पूर्ण केल्यावर वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचे भाडे मालकाने द्यायचे असते.

मजुरी बुडाली तर आम्ही भांडायला जात नाही. एकदा गेलो होतो. पुढच्या सोमवारी त्या माणसाचे काम गेले आणि खोलीही गेली, आणि आम्ही आपापल्या घरी जेवत होतो. तेव्हापासून आम्ही दोनच गोष्टी करतो. कामाच्या पहिल्या दिवसापासून त्याला स्वतःची हजेरी फोनच्या कॅलेंडरमध्ये टिपायला शिकवतो आणि मजुरी खात्यात घ्यायला सांगतो. पुरावा हाताशी असला की पुढे विधी सेवा प्राधिकरणाचा वकील काही करू शकतो. तो वकील कामगारांना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना फुकट मिळतो.

मदत करताना काय करू नये

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो एकाच्या फोनमध्ये साठवत होतो, सोय म्हणून. बँकेतल्या ताईंनी ते थांबवले. ज्या कार्डावर माणसाचे सगळे आर्थिक आयुष्य टांगलेले आहे ते आपल्या फोनमध्ये असता कामा नये. आता कार्ड त्याच्याच हातात राहते. प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत काढून देतो.

फॉर्म आपण भरून देऊ नये. ही चूक माझ्याकडून सगळ्यात जास्त झाली, शिक्षिका ना, हातातली पेन्सिल सोडवत नाही. आपण भरला की पाच मिनिटांत होतो, त्याने भरला की पाऊण तास लागतो. पण पुढच्या वेळी तो आपल्यासाठी थांबून राहत नाही. लिहिता येत नसेल तर त्याच्या पोराने भरावा, आपण शेजारी बसावे. मात्र शाळेच्या दिवशी मुलाला दुभाषा म्हणून कचेरीत नेऊ नये. आईच्या पोटदुखीबद्दल डॉक्टरांना दहा वर्षांच्या मुलाने सांगायचे, हे तर कधीच नको. त्यासाठी मोठे माणूस शोधावे.

पैसे उसने देऊ नयेत. ज्याला पैसे दिले तो वाटेत दिसला की रस्ता बदलतो, आणि ओळख तिथेच संपते. फोटो काढू नयेत. नवी साडी देऊन फोटो काढणाऱ्या मंडळींचे मन चांगले असेलही, पण त्या बाईची मुलगी उद्या तोच फोटो वर्गातल्या मैत्रिणीच्या फोनवर पाहते.

आणि जिथे आपला हात पोचत नाही ते ओळखावे. २०२४ च्या पावसाळ्याअखेरीस सासष्टीत कुटबण जेटीवर ट्रॉलरवरच्या कामगारांत कॉलरा पसरला आणि माणसे मेली. तिथे स्वयंसेवकाने काय करायचे? शुद्ध पाणी आणि शौचालय हे सोबतीने मिळणारे नाही. ते पंचायतीने, सरकारने आणि ज्यांच्या बोटींवर ते राबतात त्या मालकांनी द्यायचे असते. आपण फार तर ते मागणाऱ्यांच्या मागे उभे राहू शकतो, ग्रामसभेत हात वर करू शकतो. मी स्वतः आमच्या ग्रामसभेत दोनदा उठून बोलले. दुसऱ्या वेळी नळ आला.

सुरुवात करायची तर

तुमच्या वाड्यावर नवे कुटुंब आले असेल तर कागद नंतर बघा. आधी नाव विचारा, गावाचे नाव विचारा, आणि ते गाव कुठे आहे ते त्यांच्याकडून समजून घ्या. मग चार जागा चालत जाऊन दाखवा: रेशनचे दुकान, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, शाळा. पत्ता सांगू नका, सोबत जा. तिथल्या माणसाला नाव घेऊन सांगा, 'ह्या आमच्या शेजारी राहायला आल्यात.' या वाक्याला पैसे पडत नाहीत आणि त्याने दार उघडते. दुसऱ्या भेटीला त्यांना एकटे जाऊ द्या आणि संध्याकाळी कसे झाले ते विचारा. मतदार यादीत पत्ता बदलायचा फॉर्म ८, आधारवरचा पत्ता, खाते, हे सगळे पहिल्या दोन महिन्यांत सावकाश होते.

ती नऊ वर्षांची मुलगी आता सतरा वर्षांची आहे. तिची आई एका काजू कारखान्यात कामाला आहे आणि गेली दोन वर्षे आमच्याबरोबर रविवारी येते. परवा रेशनच्या दुकानात एक ओडिया बाई भिंतीला टेकून उभी होती, कडेवर मूल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आमच्यातल्या कुणाला तिची भाषा येत नव्हती. हावेरीची ही अक्का पुढे गेली. तिने त्या बाईच्या कडेवरचे मूल स्वतःच्या कडेवर घेतले, तिला यंत्रापाशी नेले आणि दुकानदाराला कोकणीत म्हणाली, 'भाऊ, ही आमगेली.' अंगठा पहिल्या खेपेला लागला नाही. अक्काने तिचे दुसरे बोट धरून यंत्रावर ठेवले.